नाइन एच आणि मोहरीएवढा टवका

गाडीच्या रंगावर सिरॅमिक कोटिंग करून आणल्याला अकरा दिवस झाले होते. पुढे खडी भरलेला डंपर होता, मी अंतर राखून चालले होते, आणि तरी 'टक्' झालंच. काचेवर लागलं असेल, असं स्वतःला समजावत घरी आले. काच साफ होती. टवका बॉनेटच्या मधोमध होता, मोहरीएवढा, आणि तळाशी करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, दिसत होता. गाडी काळी. काळ्या गाडीवर असा ठिपका एकदा दिसला की मग डोळा दुसरीकडे जातच नाही.

"नाइन एच सिरॅमिक आहे मॅडम, ओरखडासुद्धा उठणार नाही," असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी मान डोलावली होती. लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी 19 वर्षं रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत काढली आहेत. नाइन एच म्हणजे काय हे मला माहीत नसेल तर कोणाला असणार? ती चाचणी मी आठवड्यातून दहा वेळा तरी करायचे.

चाचणी साधी, पेन्सिलीची. लाकूड सोलून शिसं उघडं करायचं, पॉलिश पेपरवर उभं धरून त्याचं टोक सपाट घासायचं. मग पेन्सिल एका चिमुकल्या गाड्यात 45 अंशांत बसवायची आणि 750 ग्रॅमच्या भाराने रंगावरून ढकलायची. चरा उठला तर तिच्याहून मऊ पेन्सिल घ्यायची. ज्या पेन्सिलीने चरा उठत नाही, तिचा नंबर लिहून टाकायचा. संचातली सगळ्यात कठीण पेन्सिल 9एच. म्हणजे या आकड्याचा अर्थ एवढाच, की आमच्याकडच्या शेवटच्या पेन्सिलीने यावर चरा उठला नाही. पण नऊ म्हटलं की लोकांना हिरा आठवतो. खनिजांच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर हिरा दहावर, मग नऊ म्हणजे त्याच्या शेजारीच की! ती मोजपट्टी वेगळी आणि ही वेगळी. त्या खनिजांच्या पट्टीवर वाळूतला क्वार्ट्झ सातवर असतो आणि पेन्सिलीचं शिसं त्याच्या कुठल्या कुठे खाली. गाडीवर पेन्सिल घेऊन कोणी येत नाही, वाळूच येते.

आणि जाडी. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यातला वरचा क्लिअर कोट, ज्याच्या जिवावर चकाकी असते, तो 40-50. आपला केस 70च्या आसपास धरा. सिरॅमिक कोटिंग वाळल्यावर उरतं एक-दोन मायक्रॉन. वेगात येणाऱ्या खड्याने या थराची काय पर्वा करावी!

मग कोटिंग फसवं का? मुळीच नाही, मी ते चुकीच्या कामाला लावलं होतं. सिलिकाचा तो पातळ थर क्लिअर कोटला घट्ट धरून बसतो आणि त्यावर पाणी टिकत नाही, त्यामुळे चिखल, धूळ, किडे सहज निघतात. सहज निघतात म्हणून घासावं कमी लागतं. फायदा इथे आहे, कारण उन्हात काळ्या गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघांची नक्षी दिसते, ती बहुतेक वेळा आपणच गाडी धुताना काढलेली असते. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणंच. मी आता दोन बादल्या घेते, एक शांपूची आणि एक फडकं खळबळायला. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ एकदा बघा, मग मला वेड्यात काढा.

कोटिंगची एक खोडही सांगते. पाण्याचे टपोरे थेंब बघून सगळे खूश होतात, फोटो काढतात. पण पाणी जड असेल आणि ते थेंब उन्हात जागच्या जागी वाळले, तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं कडं उरतं. मी एकदा भर दुपारी गाडी धुवून फोन घ्यायला आत गेले. परत येऊन बघते तर बॉनेटवर शेकडो कडी. पातळ केलेल्या व्हिनेगरने निघाली, पण संध्याकाळ गेली. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच, कोटिंगमुळे थोडी सवड मिळते. उन्हात ती दोन दिवस राहू दिली तर डाग खाली उतरतो.

टवका पडल्यावर मी फिल्मकडे वळले, म्हणजे रंग वाचवायला गाडीवर चिकटवतात त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या थराकडे. ही मूळची मोटारींसाठी नव्हतीच. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूने आणि खड्यांनी झिजायची, त्यांच्यासाठी पॉलियुरेथेनची पारदर्शक पट्टी काढली गेली. आजच्या फिल्म साधारण 150 ते 200 मायक्रॉनच्या, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहूनही जाड. शिवाय मऊ. खडा आदळला की ती दबते, धक्का स्वतःत जिरवते आणि परत वर येते. कठीणपणाने जे होत नाही ते मऊपणाने होतं, हे रबर बघितलेल्या कोणालाही सांगावं लागू नये, पण मी नाइन एचला भुलले होते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे गरम पाणी ओतलं की मिटतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी किटली रिकामी होईपर्यंत खेळत बसले होते.

माझा क्रम मात्र उलटा पडला. फिल्म आधी आणि कोटिंग तिच्यावर, हा खरा क्रम, कारण निसरड्या कोटिंगवर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. त्यामुळे बॉनेट, पुढचे फेंडर आणि बंपर यांवरचं ते नवंकोरं कोटिंग पॉलिश करून काढावं लागलं. पॉलिश म्हणजे थोडा क्लिअर कोटही गेला. टवका आधी टचअप रंगाने भरून घेतला, नाहीतर तो फिल्मखाली कायमचा मुक्कामाला राहिला असता.

लावणाऱ्या मुलाला मी एकच प्रश्न विचारला: फिल्म मशीनवर कापणार की गाडीवर? गाडीवर ब्लेड चालवणाऱ्याचा हात किती हलका आहे ते काही वर्षांनी, फिल्म काढताना कळतं. त्याने प्लॉटरवर कापली. शांपूच्या पाण्यावर तरंगत फिल्म बसवली, स्क्वीजीने पाणी बाहेर काढलं. दोन कण आत राहिले. कुठे ते मी सांगणार नाही, तुम्हाला दिसायचे नाहीत. गाडीच्या मागच्या भागाला मी फिल्म लावली नाही. खडे पुढून येतात. आरसे आणि मागच्या चाकापुढची पट्टी तेवढी घेतली. कडांना धूळ बसून काळी रेघ धरते, तिथे प्रेशर गन जवळ नेत नाही, नाहीतर कड उचलते.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, जुनी गाडी घेतली आहे. लाल, एकदम कडक! सगळीकडे फिल्म मारू का?" मी म्हटलं, आधी घेऊन ये. जाडी मोजायचा मीटर माझ्या कपाटात असतो, जुनी सवय. बॉनेट 118 मायक्रॉन, छप्पर 112, उजवी दारं 120च्या आत-बाहेर. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे हा मीटर चालत नाही. डाव्या मागच्या दारावर टेकवला तर 310.

"विकणारा म्हणाला होता, गाडीला हातसुद्धा लागलेला नाही," भाचा म्हणाला.

नंतर चढवलेला रंग कसा धरला आहे कोण जाणे, फिल्म काढताना तोच सोलून यायचा. डावं मागचं दार आम्ही तसंच ठेवलं, आणि भाचा विकणाऱ्याला फोन लावायला बाहेर गेला.