आमची वाटचाल : चप्पल लाईनमधला एक गाळा

वडिलांनी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये गाळा घेतला तेव्हा आजीनं विचारलं होतं, "सगळी दुकानं चपलांचीच, तुझ्याकडं कोण येणार?" पण अंबाबाईचं दर्शन करून निघालेलं गिऱ्हाईक एका दुकानासाठी येत नाही, लाईनीसाठी येतं. आमच्याकडं 8 नंबरची कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, संपली की पोऱ्या शेजारून जोड आणतो, संध्याकाळी हिशेब. त्याच शेजाऱ्याशी सकाळी गिऱ्हाईक ओढण्यावरून वाजलेलं असतं, तो भाग वेगळा.

गिऱ्हाईक शेजारचा जोड वाकवून बघून आलेलं असतं, मग आमचा वाकवतं. कान, म्हणजे चपलेच्या बाजूची पट्टी, नीट बसला नसेल, वादीचा टाका सैल असेल, तर तिथंच कळतं. बारीक वेणीचं काम आम्ही वाढवलं तेही समोरच्याचा माल उठताना बघून. आमचं डिझाईन आठ दिवसांत समोर टांगलेलं दिसतं, पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

मार बसला तो दरात. एका सीझनला समोरच्यानं जोडामागं 50 रुपये सोडले, मी 60 सोडले, असं करत दोघंही रिकामे. कातड्याचा दर आपल्या हातात नाही. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तर बैलाचं कातडं राज्यात मिळेना, सगळा भार म्हशीच्या कातड्यावर. मग मी हात घातला मजुरीत. आमचा जुना कारागीर काही बोलला नाही, पोराबरोबर एमआयडीसीत गेला. त्याच्यासारखा कान बसवणारा अजून मिळालेला नाही. ती चूक माझीच.

रेक्झिनच्या मालाला मात्र स्पर्धा म्हणायला जीभ वळत नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे चार-चार जिल्हे आहेत. कर्नाटकातल्या अथणीचा कारागीर आमचा स्पर्धकच, त्याचा मालही आम्ही विकतो. पण बाभळीची साल आणि हिरड्यात पकवलेलं कातडं त्यालाही लागतं, वेळही लागतो. रेक्झिनवाल्याला फक्त नाव लागतं.

म्हणून काउंटरवर एक जोड उभा चिरून ठेवलाय. दर ऐकून कुणी समोरच्या दुकानाकडं बोट केलं की तो हातात देतो. आत पुठ्ठा नाही, थरावर थर कातडंच. परवा शेजारी त्याच्या गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून तो घेऊन गेला. अजून परत दिलेला नाही.