आमची वाटचाल : सुटे भाग, पण मापात

जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीचा सांगाडा आणि फळ्या हौशी मंडळी घरी करतात. काम अडतं ते कप्प्या, तोफा, डेडआय, डेकवरच्या तोंडांची जाळीची झाकणं यांच्यापाशी. आमच्या कारखान्यात तेवढंच बनतं.

सुरुवात डेडआयने केली, कारण ते ढिगाने लागतात. डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांच्या टोकाची ही तीन भोकांची चकती. खरी 12 इंची असेल, तर 1:64 प्रमाणात 4.8 मिमी, भोक 0.7 मिमी. खऱ्या जहाजाला सागवान उत्तम, पण एवढ्याशा चकतीत त्याची छिद्रं उठून दिसतात. म्हणून हेदू, पक्का वाळलेला. सळई लेथवर उतरवून कडेची खाच घ्यायची, भोकं पाडायची आणि शेवटी चकती कापायची. ड्रिल दर दोन मिलिमीटरला बाहेर काढावं लागतं. भुसा आत दाटला की ते मोडतं आणि तुकडा भोकातच राहतो. कापलेल्या चकत्या आतून पॉलिशपेपर लावलेल्या डब्यात संथ फिरवल्या की कडा गोल होतात. व्हार्निश नको, भोकं बुजतात. अगदी पातळ जवसाचं तेल पुरे.

मग तोफांची मागणी आली, विशेषतः त्रिंकोमालीसाठी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली आणि 1817 साली पाण्यात उतरलेली ही फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका, आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपलेली आहे. या वर्गाच्या जहाजांवर मुख्य डेकला अठरा पौंडी, म्हणजे अठरा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या, 28 तोफा. 8 फुटी नळी 1:64 ला 38 मिमी होते, तोंडाचं भोक 2.1 मिमी. 8 मिमीची फ्री-कटिंग (सहज कापली जाणारी) पितळी सळई घेतो. बाजूच्या खुंटांचं आडवं भोक सळई सरळ असतानाच पाडायचं, मध्यरेषेच्या किंचित खाली. उतार घेतल्यावर पाडायला गेलं की ड्रिल घसरतं आणि तोफ गाड्यावर तिरकी बसते. एक तिरकी चालेल, पण रांगेत 28 असल्या की डोळा बरोबर तिथेच जातो.

पितळ काळं करताना डाग पडतात ते बहुधा बोटांच्या तेलामुळे. आधी ॲसिटोन, मग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं, धुणं, आणि त्यानंतर काळं करायचं द्रावण, पातळ केलेलं. घाईने कडक द्रावणात टाकलं तर काळा थर पुसल्यावर हाताला लागतो. सोल्डरचा सांधा काळा होतच नाही, तिथे रंगाचा हात द्यावा लागतो.

शिसं आम्ही वापरत नाही. ते ओतायला सोपं आणि स्वस्त, पण प्रतिकृती ठेवायच्या ओक किंवा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळीच्या) बंद पेटीतून निघणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफेने काही वर्षांत नांगरावर पांढरी पूड धरते आणि धातू आतून खाल्ला जातो. ओतकाम कथिलाच्या शिसेविरहित मिश्रधातूत करतो. महाग पडतं, पण प्रतिकृती पेटीतच राहणार आहे.

जाळीत सगळ्यात जास्त माल वाया जातो. बाजारातल्या तयार जाळीचं भोक अनेकदा 2 मिमी असतं, म्हणजे 1:64 ला पाच इंच. खलाशाचा पाय अडकला असता! आम्ही 1 मिमी ठेवतो. खाचा पाडलेल्या पट्ट्या एकमेकींत अडकवून जाळी होते. पट्टीची उंची 2 मिमी, खाच बरोबर निम्मी. पातं 1 मिमीचं असलं तरी ते थरथरलं की खाच 1.05 होते. त्यातच खाचांमधलं अंतर दर खाचेला 0.02 ने चुकलं, तर चाळिसाव्या खाचेला 0.8 मिमीचा फरक पडतो आणि आडवी पट्टी बसत नाही. म्हणून प्रत्येक खाच आधीच्या खाचेत पिन अडकवून न मोजता पहिल्या कडेपासून मोजतो. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, तेव्हा कापलेला माल त्याच दिवशी जुळवून चिकटवतो.

अलीकडे मचव्याच्या, म्हणजे तिरक्या शिडाच्या नौकेच्या, प्रतिकृती करणारेही डेडआय मागतात. त्यांना आम्ही ते देत नाही. तिरक्या परबाणाच्या (शीड बांधायच्या काठीच्या) शिडाला डोलकाठीचे ताणाचे दोर सुटते हवेत, वाऱ्याकडच्या बाजूला ओढून घेता येतील असे. तिथे कप्प्यांच्या जोड्या लागतात. त्या 3 ते 6 मिमीमध्ये तयार असतात. मागणी नोंदवताना जहाजाचं नाव, प्रमाण आणि दोराची जाडी कळवावी. फक्त ‘छोटी कप्पी’ म्हटलं तर आम्हाला उलट फोन करावा लागतो.