कॉन्स्टिट्यूशनची कव्हरं : वॉशिंग्टनचं पान जमलं, बेलिंगहॅम अजून बाकी

बेलिंगहॅम बंदराचा शिक्का असलेलं कव्हर, म्हणजे टपालातून गेलेलं पाकीट, अजून हाती लागलेलं नाही. पश्चिम किनारा मात्र या मोसमात बराच भरला, आणि राजधानी वॉशिंग्टनचं पान तर इतकं छान जमलंय की आज त्यावरच जास्त लिहिणार आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी एकाच युद्धनौकेची आणि तिच्या एकाच प्रवासाची कव्हरं जमवतो. नौका यूएसएस कॉन्स्टिट्यूशन, बॉस्टनला १७९७ मध्ये पाण्यात उतरलेलं लाकडी, तीन डोलकाठ्यांचं फ्रिगेट. १९२०च्या दशकात ती पार खिळखिळी झाली होती. दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी पेन्या, म्हणजे एकेक सेंटची नाणी, जमवल्या. १ जुलै १९३१ला ती पुन्हा नौदलात रुजू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, ज्यांच्या पैशांवर ती उभी राहिली होती त्या लोकांना भेटायला निघाली. कमांडर लुई गलिव्हर तिचे कप्तान होते. जहाजावर रोझी नावाची एक माकडीणही होती. वेळापत्रक पाळायचं म्हणून शिडांवर न जाता ‘ग्रीब’ नावाच्या माइनस्वीपरनं, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या जहाजानं, तिला ओढत नेलं. अटलांटिक किनारा, मेक्सिकोचं आखात, पनामा कालवा, मग पॅसिफिक किनाऱ्यानं थेट वर बेलिंगहॅमपर्यंत, आणि मे १९३४ मध्ये परत बॉस्टन. या काळात ४६ लाखांहून जास्त लोक तिच्यावर चढून गेले.

आपल्यासारख्यांना महत्त्वाचं हे की जहाजावर स्वतःचं पोस्ट ऑफिस होतं. अमेरिकी नौदलाच्या जहाजांना ही मुभा १९०८च्या कायद्यानं मिळाली. खलाशांपैकीच एकजण मेल क्लार्क असायचा आणि शिक्का हातानं मारायचा. गोलात जहाजाचं नाव आणि तारीख, शेजारी तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे किलर बार. त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत अक्षरं बसवून बंदराचं नाव घालता यायचं. माझा सगळा संग्रह उभा आहे तो या अर्ध्या इंचाच्या जागेवर. जहाज तेच, गोल तोच, पण पट्ट्यांमधलं गाव बदलत जातं आणि पानामागून पान सगळा किनारा डोळ्यांसमोरून सरकतो.

संग्राहक स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून पाकिटं एका मोठ्या लखोट्यातून जहाजाकडे पाठवायचे. अमक्या बंदराचा शिक्का मारून परत पाठवा, एवढी विनंती. बरीचशी कव्हरं अशीच जन्माला आली. याच प्रवासाच्या काळात, १९३२ साली, युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी ही जहाजांचे शिक्के जमवणाऱ्यांची संस्था सुरू झाली. नौदलाचे शिक्के आज आपण ज्या लोसी पद्धतीनं ओळखतो (प्रकाराला अंक, बारीक फरकांना पुढे अक्षरं) ती डॉ. फ्रान्सिस लोसी यांच्या नावाची.

आता वॉशिंग्टन. १९३२ हे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माचं द्विशताब्दी वर्ष, म्हणून एप्रिलमध्ये जहाज राजधानीत आलं आणि कित्येक महिने तिथेच राहिलं. मुक्काम लांबला म्हणून वॉशिंग्टनची कव्हरं उदंड आहेत, स्वस्त आहेत, आणि त्यामुळेच बरेच जण एक घेऊन पुढे सरकतात. मला ते पटत नाही. याच मुक्कामात, ६ जुलै १९३२ला, अमेरिकेत साध्या पत्राचा दर २ सेंटवरून ३ सेंट झाला. जहाज जागचं हललं नाही आणि दर बदलला. अशी संधी या प्रवासात दुसरीकडे कुठे नाही.

माझ्याकडे मे महिन्यातलं एक कव्हर आधीपासून होतं. द्विशताब्दी मालिकेतलं २ सेंटचं लाल तिकीट, शिक्का ठसठशीत. जोडीला दरवाढीनंतरचं हवं होतं, तेही नुसतं ३ सेंटचं तिकीट लावलेलं नको होतं. भाची बॉस्टनजवळ राहते. तिथल्या एका तिकीट प्रदर्शनात विक्रेत्याच्या खोक्यात तिला ते दिसलं. तिचा फोटो आला, खाली लिहिलं होतं : “मामा, हे जरा घाण दिसतंय, दोन वेगवेगळी तिकिटं चिकटवलीत, तरी घेऊ?” मी लगेच कळवलं, “घे बाई, तेच हवंय.”

परवा ते हातात आलं. मळकट पांढरं पाकीट, जुलै १९३२. उजव्या कोपऱ्यात तेच लाल २ सेंट आणि त्याला खेटून, किंचित तिरकं, हिरवं १ सेंट. म्हणजे पाठवणाऱ्यानं पाकीट जुन्या दरानं तयार ठेवलं होतं आणि नंतर एक सेंटची भर घातली. शिक्का दोन्ही तिकिटांवर पडलाय. पट्ट्यांमधल्या अक्षरांत एक अक्षर ओळीच्या खाली घसरलंय, भिंगाखाली त्याची तळाची कडही उमटलेली दिसते. डावीकडे कॅशे (प्रसंगानिमित्त पाकिटावर छापलेली सजावट) नाही, चित्र नाही, काही नाही. माझ्या मते सबंध अल्बममधलं हे सगळ्यात बोलकं कव्हर आहे. रंगीत कॅशेवाल्या पाकिटांना लिलावात चौपट भाव येतो, येवो. जहाज, गाव, तारीख आणि दर या चारही गोष्टी जिथे एकमेकींशी जुळतात ते कव्हर मी आधी उचलीन.

हीच जुळणी खरेखोटेपणा तपासायलाही उपयोगी पडते. पश्चिम किनाऱ्याची नवी कव्हरं घेताना मी आधी तिकीट पाहतो. जहाज जानेवारी १९३३ मध्ये सॅन डिएगोला पोचलं, तेव्हा तिथून पुढे परगावी गेलेल्या साध्या पत्रांवर ३ सेंटच हवेत. त्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय पुनर्उभारणी कायद्याचं, म्हणजे एनआरएचं, जांभळं तिकीट निघालं. ते एखाद्या पाकिटावर असेल आणि शिक्क्यात त्याआधीची तारीख असेल, तर ते पाकीट खाली ठेवावं. मग तारखेच्या दिवशी जहाज त्या बंदरात होतं का, हे वेळापत्रकात पाहावं. कॅशेवरचा मजकूर सगळ्यात शेवटी, कारण तो कोणीही नंतर छापू शकतो. अलीकडे एका लॉटमध्ये कॅशे एका गावाचा आणि पट्ट्यांत दुसरंच गाव असं पाकीट होतं. तारीख पाहिली तर शिक्का बरोबर होता. ते मी घेतलं आणि शिक्क्याच्या गावाखालीच लावलं.

सॅन पेड्रो, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल आणि पोर्टलंड आता पानांवर आहेत. पोर्टलंडचा ठसा फिका आहे, चांगला मिळाला तर बदलीन.

पावसाळ्याबद्दल दोन जणांनी विचारलं होतं. आमच्याकडे ठाण्यात जूनपासून कपाटातला कागद मऊ पडतो. कव्हरं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, कोपऱ्यांना फोटो कॉर्नर, पीव्हीसी अजिबात नाही. अल्बम उभे ठेवावेत आणि उघड्या उन्हाच्या दिवशी पानं चाळून हवा द्यावी. जुन्या कव्हरांना टाचणी टोचलेली असेल तर ती आधी काढा, गंजाचा डाग कागदातून जात नाही.

पुढचं काम माझ्या फार जवळचं आहे. २९ डिसेंबर १८१२ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कॉन्स्टिट्यूशननं एचएमएस जावा हे ब्रिटिश फ्रिगेट हरवलं. जावा हिंदुस्थानकडे निघालं होतं. त्यावर मुंबईला नव्या हुद्द्यावर चाललेला लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होता आणि मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या एचएमएस कॉर्नवॉलिसच्या तळाला मढवायचं तांबंही होतं. जावा इतकं मोडलं होतं की ते जाळून टाकावं लागलं. तांबं गेलं, मुंबईतलं काम रखडलं, कॉर्नवॉलिस मे १८१३ मध्ये पाण्यात उतरलं. हिस्लॉप युद्धकैदी झाला आणि वचनावर सुटला. पुढे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांच्या बाजूनं सेनापती म्हणून उभा होता तो हाच हिस्लॉप. अमेरिकेतल्या संग्राहकांना जावाची लढाई पाठ असते, पण तिचा मुंबई गोदीशी आणि होळकरांशी असलेला धागा त्यांच्या अल्बममध्ये मी कधी पाहिलेला नाही. तो माझ्या अल्बममध्ये असावा असं फार वाटतं.

म्हणून मला या प्रवासातलं २९ डिसेंबरचा शिक्का असलेलं कव्हर हवं आहे. १९३१, १९३२ किंवा १९३३, तिन्ही चालतील, कॅशे नसला तरी चालेल, तारीख मात्र स्पष्ट वाचता आली पाहिजे. त्या पानावर शेजारी जावा, कॉर्नवॉलिस आणि महिदपूर यांचा मजकूर मी मराठीत लिहून ठेवला आहे, जागा रिकामी आहे. कोणाकडे जास्तीचं असेल तर बदल्यात वॉशिंग्टनची दोन चांगली कव्हरं आणि १९४७च्या कॉन्स्टिट्यूशन तिकिटाचं बॉस्टनचं प्रथम दिवस आवरण (तिकीट निघालं त्याच दिवसाच्या शिक्क्याचं पाकीट) देईन. बेलिंगहॅमसाठी याहून जास्त द्यायची तयारी आहे.