आयनित म्हणजे तापलेलाच असं नव्हे

वायूच्या तापमानावरून त्यातले किती अणू आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले, ते सांगणारं साहा समीकरण शिकवून झालं की विद्यार्थ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: अणूतून जितके जास्त इलेक्ट्रॉन निघाले, तितका वायू जास्त तापलेला. ताऱ्यांच्या वातावरणाबद्दल ते खरंच आहे. मेघनाद साहांनी १९२० साली तेच तर दाखवलं. पण सक्रिय दीर्घिकांच्या (ज्यांच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीचा भाग झगमगतो अशा दीर्घिकांच्या) केंद्रापाशी पोचलं की हा आधार सुटतो, आणि शिकवताना मला सगळ्यात जास्त आनंद तिथेच होतो.

माझी भाची इथेच इंदूरला एम.एस्सी. करते. परवा रामबागेतल्या घरी आली ती एका सायफर्ट दीर्घिकेचा (सक्रिय दीर्घिकांचाच हा एक प्रकार) वर्णपट घेऊनच. त्यात ३४२६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला निऑनची रेषा होती, चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची. "मावशी, चौथा इलेक्ट्रॉन काढायलाच ९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. मग वायू लाखो अंशांवर असणार ना?"

"तापमान ऑक्सिजनला विचार गं," मी म्हटलं.

दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ५००७ आणि ४९५९ अँगस्ट्रॉमच्या हिरव्या रेषा अडीच इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पातळीवरून निघतात, तर ४३६३ची अंधूक रेषा सव्वापाचच्या वरच्या पातळीवरून. आयन त्या पातळ्यांवर चढतो तो भोवतालच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या धडकेने. वरच्या पातळीला वेगवान इलेक्ट्रॉन लागतात आणि ते तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात. म्हणून वायू विरळ असेल तर हिरव्या जोडीच्या तेजाला ४३६३च्या तेजाने भागायचं: १०,००० केल्विनला उत्तर २००च्या थोडं वर, २०,०००ला ४०च्या आसपास. तिचं आलं ७०च्या जवळ. म्हणजे साधारण १५,००० केल्विन! निऑनचे चार इलेक्ट्रॉन गेलेले, आणि त्याच भागातला ऑक्सिजन सांगतोय फक्त पंधरा हजार.

कारण इथे इलेक्ट्रॉन उपटतो तो प्रकाश. कृष्णविवराभोवतीच्या चकतीतून आणि तिच्यालगतच्या भागातून अतिनील आणि क्ष-किरण येतात. अणूला भिडणाऱ्या एकेका फोटॉनमध्ये किती ऊर्जा आहे ते महत्त्वाचं, वायूचे कण किती जोरात पळताहेत ते नव्हे. जानेवारीत आपण गच्चीवर बसतो, हवा गार असते, तरी चेहरा रापतो, तसंच हे. आपल्या गावातच, राजा रामण्णा केंद्रात, इंडस-१ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रकाश मिळवणारं यंत्र, आहे. ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांपासून तो अतिनील आणि मृदू क्ष-किरण देतो. तसल्या प्रकाशात खोलीच्या तापमानाचा वायू ठेवला तरी तो आयनित होतो.

मग तापमान वाढत का नाही? सुटलेला इलेक्ट्रॉन जास्तीची ऊर्जा घेऊन निघतो, वायू तापवतो. पण तोच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला धडकला की ती ऊर्जा हिरव्या रेषेतून बाहेर निघून जाते. तापमान वाढलं की धडकाही वाढतात आणि गळतीही. म्हणून ते दहा-वीस हजारांत अडकून राहतं. (घनता जास्त असेल तर मात्र ५००७ दबते आणि वायू आहे त्याहून तापलेला वाटतो. भाचीला घनता आधी तपासायला लावली.)

या रेषांचा इतिहासही विलक्षण आहे. १९०८ साली लिक वेधशाळेत फाथ यांना तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या केंद्रात तेजोमेघांसारख्या तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघांतल्या हिरव्या रेषा तेव्हा कुठल्या मूलद्रव्याच्या हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या ऑक्सिजनच्या आहेत हे बोवेन यांनी उलगडलं १९२७ साली. या दीर्घिकांना ज्यांचं नाव मिळालं त्या सायफर्ट यांचा निबंध त्यानंतरचा, १९४३चा.

निघताना भाचीला एक रेषा शोधायला दिली, ६३७४ अँगस्ट्रॉमची. नऊ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. सूर्याच्या प्रभामंडळात ती दिसते, कारण तिथला वायू खरोखरच दहा लाख अंशांवर आहे. सायफर्ट दीर्घिकांतही तीच रेषा सापडते, आणि तिथे बहुतेक वेळा तिच्यामागे प्रकाशच असतो, वायू त्या मानाने कितीतरी गार. तिच्या वर्णपटात ती आहे का, हे रविवारी बघणार आहोत.