पाखराच्या वजनाची वही

३ मे, चाळीसगाव

पोपटासाठी दिलेले एक हजार रुपये आज बुडाले, असे धरून चालावे लागेल. विक्रेता दूरच्या एका शहरातला होता. त्याने पाठवलेल्या चलचित्रात कॉकटिएल या लहान, तुरेवाल्या विदेशी पोपटाचे चार आठवड्यांचे पिल्लू सिरिंजमधून पातळ खाद्य गिळताना दिसत होते. विसार पोहोचताच त्याने कळवले, की पिल्लू रात्रीच्या खासगी बसच्या सामानाच्या कप्प्यातून येईल आणि पुढचे भरवणे आमचे आम्हीच करायचे, कारण हाताने भरवल्याशिवाय पक्ष्याला मालकाचा लळा लागत नाही. सध्या आमच्याकडे पारा बेचाळीसच्या खाली उतरत नाही. अशा दिवसांत बंद कप्प्यात बारा-चौदा तास काढणाऱ्या, अंगावर पुरती पिसेही न आलेल्या जिवाचे काय होईल, हे समजायला पक्षितज्ज्ञ असण्याची गरज नाही. मी नकार दिला, तेव्हा विसार परत मिळत नसल्याचे त्याने सांगितले. ती अट मी आधी विचारली नव्हती, म्हणजे चूक निम्मी माझीही आहे.

लळ्याच्या त्या गोष्टीची मी नंतर चौकशी केली. भरवायचे खाद्य साधारण चाळीस अंश सेल्सिअसला असावे लागते. त्याहून थोडे गरम झाले तर पिल्लाची अन्नपिशवी भाजते, गार झाले तर अन्न आत तसेच साचून आंबते, आणि सिरिंज चुकीच्या कोनात धरली तर घास श्वासनलिकेत जाऊन पिल्लू हातातच मरते. नवशिक्याला असे पिल्लू विकण्यात विक्रेत्याचे तीन-चार आठवड्यांचे श्रम मात्र वाचतात. लळा लागतो तो रोज दोन घटका शांतपणे जवळ बसल्याने, असे पक्षी पाळणारे दोन जुने लोक मला म्हणाले.

११ मे

आज कोल्हापूरच्या एका ताईंशी तासभर बोलणे झाले. त्यांच्या घरी कॉकटिएलच्या सहा जोड्या आहेत. मी वहीत प्रश्न लिहून बसलो होतो, पण पहिला अर्धा तास त्याच विचारत होत्या. घरात मांजर आहे का, छताचा पंखा कोणत्या खोलीत आहे, नॉनस्टिक तवा वापरता का, दिवसा घरी कोण असते, आणि सर, तुमचे वय किती?

वयाचा प्रश्न मला खटकला, पण त्याचे कारण पटले. हा पक्षी पंधरा ते वीस वर्षे जगतो. मी त्रेपन्नचा आहे. आधी माझ्या डोक्यात आफ्रिकन ग्रे हा मोठा राखाडी पोपट होता, पण तो चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो, म्हणजे मी त्याला लेकीच्या नावे मृत्युपत्रातच लिहून ठेवायला हवे होते. शिवाय तो २०१७ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साईट्स करारातील सर्वांत कडक परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कॉकटिएल या कराराच्या परिशिष्टांतून वगळलेला आहे. आपला हिरवा राघू मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे मायला सांगितले तेव्हा तिला ते खरेच वाटेना. माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर राघू होता. आबांनी तो आठवडे बाजारातून आणला होता. तो ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचा, आणि तो कुठल्या झाडाच्या ढोलीतून काढला असेल, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनाला कधी शिवला नाही.

ताईंनी पिल्लाच्या पायातली अंगठी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. ही सलग अंगठी पिल्लू आठवडा-दहा दिवसांचे असतानाच पायात सरकवता येते, नंतर पंजा मोठा होतो. त्यामुळे पाखरू घरी जन्मले आणि केव्हा जन्मले, याची ती बऱ्यापैकी खात्री देते. पिल्लू १० एप्रिलचे आहे. मला पिवळट पांढरा ल्युटिनो आवडला होता, पण त्यांनीच मला परावृत्त केले, कारण जवळच्या नात्यात जोड्या लावल्याने त्यांच्यात तुऱ्यामागे टक्कल असलेली पिल्ले पुष्कळ निपजतात. मग साधे राखाडी ठरले. किंमत साडेतीन हजार, विसार नाही. पिल्लू स्वतः खायला लागून पंधरा दिवस झाल्याशिवाय देणार नाही, बसने पाठवणार नाही, येऊन न्यावे लागेल.

गिऱ्हाइकाला इतक्या वेळा ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास का बसावा, याचे मला रात्रभर नवल वाटत राहिले.

२४ मे

ताई रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेले वजन कळवतात आणि मी ते वहीत उतरवतो. २० तारखेला ९८ ग्रॅम होते. त्यानंतर ९५, ९३, ९०, आणि आज ८७. आजचा आकडा पाहून मी शाळेच्या पायरीवरूनच फोन लावला. आपल्याला आजारी पिल्लू गळ्यात बांधले जात आहे, अशी शंका माझ्या आवाजात नक्कीच उमटली असणार. त्या रागावल्या नाहीत. पिल्लू उडू लागते त्या दिवसांत खाणे कमी करते आणि वजनाचा दहावा हिस्सा उतरवते, जड अंगाने उडता येत नाही म्हणून, असे त्यांनी समजावले. काळजी घसरण थांबली नाही तर करायची. खोटेच सांगायचे असते तर रोज ९८ लिहायला त्यांना काय कष्ट होते, हे मला फोन ठेवल्यावर सुचले.

माय वहीकडे पाहून म्हणाली, “पाखरूले कोनी तोलस का?”

२३ जून

काल भाच्याच्या गाडीने कोल्हापूरहून परत आलो. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. इंधनाचा खर्च पाखराच्या किमतीहून जास्त झाला, हे मी घरात अजून मोठ्याने बोललेलो नाही. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून थेट चाळीसगावला येते, हे खरे, पण पक्ष्याला सामानाच्या डब्यात ठेवून आपण दुसऱ्या डब्यात झोपायचे, हे मनाला पटेना. निघण्यापूर्वी आमच्याकडे पहिला पाऊस होऊन गेला होता. त्याचीच वाट पाहत होतो.

ताईंच्या घरी मी तासभर नुसता बसलो. पिल्लाने स्वतः राळे सोलून खाल्ले, पाणी प्यायले, पंख पसरून आळस दिला. नाकपुड्या कोरड्या होत्या, शेपटीखालची पिसे स्वच्छ होती, बसल्या जागी शेपटी श्वासाबरोबर हलत नव्हती. त्याचे आईबाप शेजारच्या पिंजऱ्यात होते. ते पाहायला मिळणे हाच तिथवर गेल्याचा खरा लाभ, कारण फोनवर कोणाचेही आईबाप दाखवता येतात. निघताना ताईंनी त्याच्या रोजच्या दाण्याची दोन किलोंची पिशवी दिली आणि पंधरा दिवस दाणा बदलायचा नाही, असे बजावले.

प्रवासात लहान पिंजऱ्याच्या तीन बाजूंना सुती कापड लावले होते. सांडणारे पाणी न ठेवता काकडीच्या चकत्या ठेवल्या आणि तळाशी पांढरा कागद अंथरला. दर थांब्याला मी पाखराऐवजी कागदच पाहत होतो. विष्ठेत घट्ट भाग पुरेसा दिसतो आहे तोवर ते खात आहे, असे ताईंचे गणित होते. कन्नड घाटात नेहमीप्रमाणे वाहने अडकली आणि आम्ही दीड तास एकाच जागी उभे राहिलो. भाचा घाटाला शिव्या देत होता. पाखरू एका पायावर उभे राहून झोपी गेले, आणि त्याच्यावर विसंबून मीही थोडा डोळा लावला.

२७ जून

पिंजरा बाहेरच्या खोलीत आहे, स्वयंपाकघरापासून शक्य तितका दूर. आमच्या काळ्या मसाल्याच्या फोडणीने माणसांनाही ठसका लागतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते, म्हणून तो तवा माळ्यावर गेला. ही धुसफुसली, पण मायचा लोखंडी तवा पुन्हा चुलीवर मानाने विराजमान झाला, आणि कळण्याची भाकरी त्याच्यावरच खरी होते, हे ऐकवण्याची संधी मायने सोडली नाही.

पहिल्या रात्री दिवे मालवल्यावर पिंजऱ्यात एकाएकी धडपड झाली. अंधारात दचकणे ही या जातीची खोड आहे. आता कोपऱ्यात एक मंद दिवा जळत असतो. लेकीने त्याचे नाव राघू ठेवले आहे. नर की मादी हे पहिली पिसे झडेपर्यंत वरून कळत नाही, आणि पिसाची डीएनए चाचणी करण्याइतकी उत्सुकता घरात कोणालाच नाही. मादी निघाली तर नाव बदलायचे नाही, असे तिने आधीच जाहीर केले आहे.

मायने सवयीने हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ पुढे केली होती. राघूने दोन्हींकडे पाठ फिरवली. ती रुसली, मग कोठारातून बाजरीचे जुने कणीस शोधून आणून स्वतःच्या हाताने पिंजऱ्याच्या तारेत अडकवले, तेव्हा कुठे तुरा उभा राहिला. दाणा बदलायचा नाही, हे मला सांगायचे होते. मी सांगितले नाही. ताईंना मात्र कळवले, आणि बाजरी त्यांच्या मिश्रणात आहेच, असे त्यांचे उत्तर आले.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ८२ ग्रॅम होते, म्हणजे निघतानाच्या वजनाहून चार कमी. त्यानंतर ८२, ८३, ८४. आज सकाळी मी काटा पुसत होतो, तोच माय पाठीमागे येऊन उभी राहिली.

“आज कितलं भरनं?”

८६ भरले होते.