वाऱ्यासाठी सोडलेले मजले

न्यूयॉर्कमध्ये रूझवेल्ट आयलंडहून मॅनहॅटनकडे येणाऱ्या ट्राममध्ये पुढच्या काचेशी उभं राहायला जागा मिळाली, तर सोडू नका. ट्राम म्हणजे नदीवरून तारेला लटकत जाणारा डबा. तो पुरेसा वर चढला की इमारतींच्या गर्दीतून एकच पांढरा, चौकोनी, काटकुळा मनोरा वर निघालेला दिसतो: ४३२ पार्क अव्हेन्यू. उंची सुमारे ४२६ मीटर आणि रुंदी चारही बाजूंनी फक्त २८.५ मीटर. ही सगळी राहती घरं आहेत.

मला ती इमारत बघायची होती ती तिच्यातल्या रिकाम्या मजल्यांसाठी. दर बारा मजल्यांनंतर दोन मजल्यांएवढा पट्टा मोकळा सोडलेला आहे. तिथे खिडक्यांच्या चौकटी आहेत, पण काचा नाहीत. ट्राममधून नीट पाहिलं तर त्या पट्ट्याच्या कोपऱ्यातून पलीकडचं आकाश दिसतं.

इतक्या सडपातळ इमारतीत वजन पेलण्यापेक्षा वारा सांभाळणं अवघड असतं. वारा चौकोनी मनोऱ्याला अडला की दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि इमारत एकदा इकडे, एकदा तिकडे ओढली जाते. या ओढीचा ताल इमारतीच्या स्वतःच्या डुलण्याशी जुळला की डुलणं वाढत जातं. मोकळ्या मजल्यांतून वारा आरपार गेला की भोवऱ्यांची ती शिस्त मोडते. शिवाय माथ्याजवळ दोन अजस्र डॅम्पर, म्हणजे डुलणं शमवणारी वजनं आहेत. इमारत एका दिशेला गेली की ही शेकडो टनांची वजनं मागे रेंगाळतात आणि तिची गती खाऊन टाकतात.

इमारत पडेल ही भीती नसतेच. प्रश्न आत राहणाऱ्यांचा असतो. ऑफिसात माणूस दिवसभर कामात असतो आणि वादळ येणार म्हटलं की घरी जातो. घरात मात्र तो रात्री आडवा पडलेला असतो. तेव्हा बारीक हेलकावाही जाणवतो, मळमळतं. म्हणून डुलण्याची मर्यादा घरांसाठी ऑफिसांपेक्षा कडक धरतात. गगनचुंबी इमारतींबद्दल वाचताना हे कळलं, तेव्हापासून मी उंचीचे आकडे वेगळ्या नजरेने बघते.

मग पायी ५७व्या रस्त्यावर गेले. ड्रेक हॉटेल पाडून त्या जागी वास्तुरचनाकार राफाएल विन्योली यांच्या आराखड्याने हा मनोरा उभा राहिला. २०१५मध्ये तो पूर्ण झाला. पायथ्याशी मान वर केली की प्रत्येक बाजूला सहा-सहा खिडक्या, प्रत्येक दहा फूट बाय दहा फूट, अगदी वरपर्यंत. पांढऱ्या काँक्रीटची ही जाळी सजावटीची नाही. मधला लिफ्टचा गाभा आणि ही बाहेरची जाळी, दोघं मिळून भार घेतात, त्यामुळे घरांत मध्ये एकही खांब नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

मात्र रिकाम्या मजल्यांमागे पैशाचंही गणित आहे. असे मजले यंत्रांसाठीचे धरले जात, आणि ते चटईक्षेत्रात, म्हणजे किती बांधता येईल याच्या मर्यादेत, मोजले जात नसत. त्यामुळे ते जितके जास्त, तितकी वरची घरं उंच आणि महाग. वारा हे कारण खरं आहे, पण एकटं नाही. शहरात यावर बराच वाद झाला आणि २०१९मध्ये निवासी विभागांत २५ फुटांहून उंच असे मजले चटईक्षेत्रात धरायचा नियम आला. शिवाय २०२१मध्ये ४३२च्या रहिवाशांनीच गळती, बंद पडणाऱ्या लिफ्ट आणि आवाजांच्या तक्रारी घेऊन न्यायालय गाठलं. एवढी उंच घरं बांधताना नळ आणि लिफ्ट यांची परीक्षाही वाऱ्याइतकीच कडक असते, हे तिथे उभं राहून जास्तच पटलं.

पश्चिमेला पुढे १११ वेस्ट ५७, म्हणजे स्टाइनवे टॉवर. हा तर आणखी बारीक: ४३५ मीटर उंच आणि रुंदी सुमारे १८ मीटर, प्रमाण १:२४. पूर्व-पश्चिम बाजूंना शिअर वॉल, म्हणजे वाऱ्याचा आडवा जोर पेलणाऱ्या जाड भिंती, वर टेराकोटाचं नक्षीदार आवरण, आणि माथ्याजवळ ८०० टनांचा डॅम्पर. त्याच्याही पुढचा सेंट्रल पार्क टॉवर ४७२ मीटरचा, जगातली सर्वांत उंच निवासी इमारत. पण काचेने मढवलेला असल्यामुळे त्याचा सांगाडा कसा काम करतो ते बाहेरून उमगत नाही, आणि मी तिथे फार रेंगाळले नाही.

स्टाइनवे बघायचा असेल तर दक्षिणेकडून बघा. उत्तरेच्या सेंट्रल पार्क उद्यानाकडून तो सरळसोट दिसतो. वर जाताना मागे मागे सरकणाऱ्या त्याच्या पायऱ्या दक्षिणेच्या अंगाला आहेत.