कॅरमच्या गेमसाठी फिजिक्स इंजिन कसं निवडलं – माझा अनुभव

मी राहतो कासारवडवलीला आणि माझा मामेभाऊ नेरुळला, दोघंही कॅरमवेडे, पण घोडबंदर रोडचं ट्रॅफिक बघता रोज भेटून खेळणं काही होत नाही, म्हणून म्हटलं आपणच फोनवर खेळायला गेम बनवू. ऑफिसात दिवसभर जावा आणि रात्री हौस म्हणून गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), असं माझं चालतं. गोडोत २डी साठी स्वतःचं फिजिक्स इंजिन (वस्तूंची हालचाल आणि टकरा हिशोबाने काढणारा भाग) असतंच, प्रश्न होता की तेच ठेवायचं की अ‍ॅड-ऑन टाकायचं.

ज्याला विचारावं तो म्हणतो जोल्ट नावाचं इंजिन घे. जोल्ट भारीच आहे, गोडो ४.४ पासून आतच येतं, पण ते फक्त ३डी साठी, त्यामुळे ते तिथेच बाद. बॉक्स२डी या दुसऱ्या इंजिनचं मॅन्युअल मात्र मी अख्खं वाचून काढलं आणि कुठलंही इंजिन घेणार असाल तरी वाचाच. त्यात लिहिलंय की हलणाऱ्या वस्तू ०.१ ते १० मीटरच्या असाव्यात, आणि कॅरमची सोंगटी असते जेमतेम ३ सेंटीमीटर! शिवाय १ मीटर प्रति सेकंदापेक्षा हळू टक्कर झाली की डिफॉल्टला उसळी मिळतच नाही, म्हणजे हलक्या हाताने मारलेला रिबाउंड कडेला जाऊन मरणार. हा आकडा बदलता येतो म्हणा, पण आधी माहीत तर पाहिजे ना.

दुसरं म्हणजे लोक इंजिन बघतात ते खोक्यांचे मनोरे रचून, किती हजार खोकी चालतात वगैरे. मला त्याचा काय उपयोग, माझ्याकडे १९ सोंगट्या आणि एक स्ट्रायकर. म्हणून मी टेस्ट सीन केला तो सरळ ब्रेकचा. मध्ये राणी, भोवती ६, त्याच्या बाहेर १२, सगळ्या चिकटून. इथे खरी परीक्षा होते, कारण सगळ्या टकरा एकाच क्षणी येतात आणि इंजिन त्या एकामागून एक सोडवतं, मग धक्का शेवटच्या सोंगटीपर्यंत नीट पोचत नाही आणि ब्रेक मेल्यासारखा वाटतो. उपाय सोपा आहे, सोंगट्यांमध्ये केसाएवढी फट ठेवायची, डोळ्यांना दिसत नाही पण ब्रेक मस्त फुटतो.

वेगाचंही तसंच. जोरात मारलेला स्ट्रायकर समजा ६ मीटर प्रति सेकंदाने निघाला तर सेकंदाला ६० टिक (इंजिन दर टिकला एकदा हिशोब करतं) असताना तो एका टिकमध्ये १० सेंटीमीटर जातो, म्हणजे मधली सोंगटी इंजिनला कधीकधी दिसणारच नाही, आरपार! टिक २४० केले की हेच अंतर अडीच सेंटीमीटर होतं, आणि वीस वस्तूंना साध्या फोनलाही ते जड जात नाही.

आणि लिनियर डॅम्प (वेग आपोआप कमी करणारी सेटिंग) शून्य करा. ती चालू ठेवली तर सोंगटी बर्फावर असल्यासारखी सरकत राहते, थांबता थांबत नाही. बोरिक पावडरवर तसं होत नाही, तिथे वेग ठरावीक दराने कमी होतो आणि सोंगटी टक्कन थांबते, ते मी दर टिकला वेगातून तेवढाच तुकडा वजा करून केलं. बोटाला ओळखीचं वाटायला लागलं ते इथून पुढे.

आता इतकं सगळं गोडोच्या आतल्या इंजिनात पण जमतं, मग अ‍ॅड-ऑन कशाला? तर दोन फोन. मला प्रत्येक सोंगटीची जागा नेटवरून पाठवत बसायचं नव्हतं, फक्त स्ट्रायकर कुठे ठेवला, कुठल्या दिशेला आणि किती जोर एवढंच पाठवायचं, बाकी दोन्ही फोनांनी आपापलं सारखंच काढायचं. पण प्रोसेसर वेगळा असला की दशांशातला शेवटचा आकडा हलू शकतो, आणि ब्रेकमध्ये तो एवढासा फरक वाढत वाढत अख्खी सोंगटी दुसरीकडे नेतो. रॅपियर हे रस्टमध्ये लिहिलेलं इंजिन, त्याचं गोडोचं अ‍ॅड-ऑन क्रॉस-प्लॅटफॉर्म डिटरमिनिस्टिक (म्हणजे कुठल्याही फोनवर उत्तर तंतोतंत तेच) प्रकारातही मिळतं, मी तेच घेतलं. फास्टवालं वेगळं आहे, ते घेऊ नका, दोन्ही एकत्र मिळत नाही. टाकायला काही त्रास नाही, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये २डी फिजिक्स इंजिन बदललं की झालं, नोड (गेम ज्या तुकड्यांनी बनतो ते) सगळे तेच राहतात.

भावाला पाठवलं, त्याने तिकडून ब्रेक मारला आणि फोन कानाला लावून एकेक सोंगटी सांगत गेला, "दादा, राणी डाव्या भोकाजवळ, तिला टेकून काळी," आणि माझ्या स्क्रीनवर अगदी तसंच! काय आनंद झाला सांगू.

भोकात पडायचं काम मात्र इंजिनला दिलेलं नाही. सोंगटीचं केंद्र भोकाच्या आत आलं की ती मी स्वतः काढून घेतो, वेग जास्त असेल तर कडेवरून उडू देतो. तो भाग अजून घासायचाय.